दोन ओळींची मेकफाईल

ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सोर्समध्ये ‘येस’ नावाचा एक चिमुकला प्रोग्रॅम आहे. त्याच्या मेकफाईलमध्ये वरचा एक शेरा सोडला तर कामाच्या ओळी दोनच. पहिली सांगते, प्रॉग म्हणजे येस. दुसरी सांगते, बीएसडी.प्रॉग.एमके ही फाईल इथे जोडून घे. संपली मेकफाईल. एवढ्यावर प्रोग्रॅम कम्पाईल होतो, लिंक होतो, योग्य मालक आणि योग्य परवानग्या घेऊन यूएसआर/बिन डिरेक्टरीत जाऊन बसतो, त्याचं मॅन्युअलचं पान जागच्या जागी पोचतं, आणि ‘मेक क्लीन’ म्हटलं की मागे राहिलेला पसाराही आवरला जातो.

मेकफाईल सहसा कुणी वाचत नाही. बिल्ड मोडला की ती उघडतात, जिथे अडलंय तिथे एक ओळ चिकटवतात आणि बंद करतात. त्यामुळे बहुतेक प्रोजेक्टांच्या मेकफाईली ठिगळांच्या असतात. ओपनबीएसडी ज्या बीएसडी घराण्यातली आहे, तिथल्या मात्र वाचण्यासारख्या आहेत, आणि त्या तशा राहाव्यात म्हणून माणसं तीस-पस्तीस वर्षं खपत आली आहेत. दहावीच्या उत्तरपत्रिकेत रसग्रहणाला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन खण असतात. त्या खणांत ही फाईल कोंबायचा माझा विचार नाही. पण तिच्यात न लिहिलेलं इतकं काही आहे की तेवढ्यासाठी तरी ती सावकाश वाचावी.

आधी मेकबद्दल, कारण या सगळ्याच्या मुळाशी एक वाया गेलेली सकाळ आहे. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमनच्या खोलीत स्टीव्ह जॉन्सन चरफडत शिरला. हा ‘याक’ ही गाजलेली युटिलिटी लिहिणारा जॉन्सन, म्हणजे नवशिका नव्हे. सबंध सकाळभर तो एका धडधाकट प्रोग्रॅममधली चूक शोधत बसला होता. चूक त्याने केव्हाच दुरुस्त केली होती, पण दुरुस्त केलेली फाईल पुन्हा कम्पाईल करायची राहिली आणि लिंकरने जुनीच ऑब्जेक्ट फाईल उचलली. आदल्या संध्याकाळी फेल्डमनचाही काही वेळ याच भानगडीत गेला होता. त्याने शनिवार-रविवारात मेक लिहून काढला. कोणती फाईल कुणावर अवलंबून आहे ते एकदा लिहून ठेवायचं. मग मेक दोन्हींच्या वेळा ताडून पाहतो आणि जे शिळं झालंय तेवढंच नव्याने बनवतो. २००३ साली एसीएम या संस्थेने फेल्डमनला याच कामासाठी सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार दिला.

मेकची एक खोड सगळ्या जगाला ठाऊक आहे. आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. तिथे आठ मोकळ्या जागा दिल्या तर डोळ्यांना काही फरक दिसत नाही, पण मेक बिनसतो. फेल्डमनने हे पुढे सरळ सांगितलं आहे: टॅबचा नियम चालून गेला म्हणून ठेवला, आणि काही आठवड्यांत तो बदलावासा वाटला तेव्हा वापरणारे डझनभर लोक झाले होते, त्यांतले बरेचसे मित्र. त्यांना त्रास नको म्हणून तो राहिला. डझनभर मित्रांच्या भिडेखातर पुढच्या सगळ्या पिढ्यांनी टॅब सोसला. जुनी युटिलिटी सांभाळणाऱ्याच्या मनावर बोलूनचालून हेच दडपण असतं: बदल योग्य आहे हे कळतं, पण कुणाची तरी स्क्रिप्ट मोडेल.

मेक एकेका प्रोग्रॅमपुरता उत्तम होता. सबंध ऑपरेटिंग सिस्टीमला शेकडो प्रोग्रॅम असतात. बर्कलीच्या ४.३ बीएसडीच्या काळातल्या मेकफाईली पाहिल्या तर प्रत्येक डिरेक्टरीत तोच मजकूर पुन्हा उतरवलेला दिसतो: ऑल, क्लीन, डिपेंड, इन्स्टॉल, लिंट, टॅग्ज. नाव तेवढं बदललेलं. त्याच सुमारास बर्कलीत कीथ बॉस्टिकने एक अचाट काम अंगावर घेतलं होतं. एटी अँड टीच्या मालकीचा कोड बाजूला काढून युनिक्सच्या युटिलिटी नव्याने लिहून घ्यायच्या, त्याही फक्त छापील वर्णनावरून. लिहिणाऱ्यांना मोबदला काय, तर त्या युटिलिटीशेजारी आपलं नाव. दीड वर्षात जवळजवळ सगळ्या महत्त्वाच्या युटिलिटी लिहून झाल्या आणि १९९१ साली नेटवर्किंग रिलीज २ बाहेर पडलं. मग एटी अँड टीच्या कोडवरून खटला झाला. तडजोडीत अठरा हजार फाईलींपैकी तीनच काढाव्या लागल्या. इतक्या परक्या हातांनी लिहिलेला माल एका घरात नांदवायचा, तर प्रत्येकाची मेकफाईल प्रत्येकाच्या मर्जीने चालली नसती. ॲडम डी बोरने स्प्राइट या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी लिहिलेला नवा मेक हाताशी होता. त्यात अटी घालता येत होत्या आणि एका फाईलमध्ये दुसरी जोडता येत होती. मग सगळीकडे उतरवलेला मजकूर उचलून शेअर/एमके या एका डिरेक्टरीत आणला गेला: प्रोग्रॅमसाठी बीएसडी.प्रॉग.एमके, लायब्ररीसाठी बीएसडी.लिब.एमके, पोटडिरेक्टरींसाठी बीएसडी.सबडिर.एमके. नेटबीएसडी, फ्रीबीएसडी आणि १९९५ साली थिओ डी राटने सुरू केलेली ओपनबीएसडी या तिन्ही घरांत हा वारसा आला.

आता पुन्हा त्या दोन ओळींकडे. सी भाषेत जोडण्याच्या ओळी फाईलच्या डोक्यावर असतात, इथे ती तळाशी आहे. हे उगीच नव्हे. बीएसडी.प्रॉग.एमके बहुतेक गोष्टी ?= या खुणेने ठरवते, म्हणजे ‘आधी कुणी काही म्हटलं नसेल तर’. म्हणून प्रोग्रॅमने आपलं म्हणणं आधी मांडायचं आणि मग घरच्या रीतीला आत बोलवायचं. जे प्रोग्रॅमने सांगितलं ते टिकतं, जे सांगितलं नाही ते रीत भरून काढते. ही ओळ वर नेऊन पाहा, दोन्ही बाजूंचा अर्थ बदलेल. ओळींचा क्रम इतका अर्थपूर्ण असलेला मजकूर गद्यात क्वचित सापडतो.

रीत काय भरून काढते? सोर्स फाईल कोणती ते येसने सांगितलेलं नाही. मग प्रोग्रॅमच्या नावाला डॉट सी जोडून येस.सी ही फाईल धरली जाते. प्रोग्रॅम कुठे बसवायचा तेही सांगितलेलं नाही, बीएसडी.प्रॉग.एमके एक पायरी वर जाऊन मेकफाईल.इंक ही फाईल आहे का बघते आणि तिथे बिनडिर म्हणजे यूएसआर/बिन हे वाचते. पाणिनीच्या सूत्रांत वरच्या सूत्रातलं पद खाली अनुवृत्तीने चालत येतं आणि ते पुन्हा लिहावं लागत नाही, तसंच हे. शेजारच्या बिन डिरेक्टरीतल्या मेकफाईल.इंकमध्ये आणखी एक गोष्ट आहे: तिथले प्रोग्रॅम स्टॅटिक लिंक करायचे, कारण सामायिक लायब्ररी मोडून पडली तरी सीपी, एलएस आणि शेल चालले पाहिजेत. एवढा मोठा निर्णय, आणि तो एका ओळीत, एकाच जागी. त्याच्या छायेखालच्या कोणत्याही प्रोग्रॅमला त्याचा उच्चारही करावा लागत नाही.

मला सगळ्यांत आवडते ती मॅन्युअलची वागणूक. येसच्या मेकफाईलमध्ये मॅन्युअलचा शब्द नाही. म्हणजे मॅन्युअल आहेच असं गृहीत धरलं जातं: येस.१ ही फाईल डिरेक्टरीत हवी. ती नसेल तर मेक थांबतो आणि येस.१ कशी बनवायची ते मला माहीत नाही म्हणतो. मॅन्युअल लिहायचं नसेल तर तसं मेकफाईलमध्ये लिहून द्यावं लागे: नोमॅन, आणि पुढे बरोबरचं चिन्ह. नेटबीएसडीत या चिन्हापुढे किंमत काहीच नसते, नुसता शेरा असतो की हे नाव ठरवून दिलेलं आहे. बहुतेक कार्यालयांत, बहुतेक प्रोजेक्टांत याच्या उलट असतं. कागदपत्रं करायची तर कुणीतरी वेगळं ठरवावं लागतं, आणि न करणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. इथे आळस करायचा तर सहीनिशी करावा लागतो. बीएसडीची मॅन्युअलं चांगली का असतात याची कारणं पुष्कळ सांगितली जातात. माझ्या मते निम्मं श्रेय या एका गृहीताला जातं.

रीत इतकी घट्ट असली की अपवाद वाचायला मजा येते. टेस्ट या युटिलिटीची मेकफाईल घ्या. तिच्यात एक जास्तीची ओळ आहे, लिंक्सची: बिन/टेस्ट या फाईलला बिन/[ असं दुसरं नाव द्या. शेल स्क्रिप्टमध्ये इफच्या पुढे येणारा चौकटी कंस हे विरामचिन्ह आहे असं कित्येक वर्षं स्क्रिप्टा लिहिणाऱ्यांनाही वाटतं. तो खरं तर एक प्रोग्रॅम आहे. (बहुतेक शेल आता तो आपल्या पोटातच ठेवतात, पण डिस्कवरची फाईल जागेवर आहे.) सी कोडमध्ये हा प्रोग्रॅम सुरू होताच आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली ते पाहतो, कंसाच्या नावाने मारली असेल तर शेवटचा शब्द मिटणारा कंस आहे ना याची खात्री करतो आणि नसेल तर कंस राहिला म्हणून तक्रार करतो. युनिक्सच्या व्याकरणातला हा एक गमतीदार डाव, आणि त्याचं सगळं बिंग मेकफाईलच्या एका ओळीत फुटतं.

दुसरा अपवाद कमी गमतीचा आणि जास्त शहाणा. एखाद्या प्रोग्रॅमला बाहेरची लायब्ररी लागत असेल तर मेकफाईलमध्ये दोन ओळी जोडीने येतात: एलडीॲड आणि डीपीॲड. पहिली लिंकरसाठी, ही लायब्ररी जोड. दुसरी मेकसाठी, ही लायब्ररी बदलली तर प्रोग्रॅम शिळा झाला असं समज. एकच गोष्ट दोनदा कशाला, असं नवख्याला वाटतं, आणि तो दुसरी ओळ विसरतो. बिल्ड होतो, प्रोग्रॅम चालतो, महिनेच्या महिने काही बिघडत नाही. मग कुणीतरी लायब्ररीत दुरुस्ती करतं, मेक म्हणतो, काही करायचं नाही, आणि तो माणूस दुरुस्त झालेली चूक शोधत बसतो. म्हणजे जॉन्सनची सकाळ पुन्हा उगवली. बिल्ड फाईल सांभाळणाऱ्याचं निम्मं काम हेच असतं: काही न बिघडलेल्या फाईलमध्ये अशी राहून गेलेली ओळ घालायची. अशा दुरुस्तीचं कुणी कौतुक करत नाही. ती ज्याला वाचवते त्याला आपण कशातून वाचलो हेही कळत नाही.

ओपनएसएसएचची मांडणीही पाहण्यासारखी आहे. सगळा सी कोड वरच्या डिरेक्टरीत, आणि एसएसएच, एसएसएचडी, एससीपी अशा प्रत्येक प्रोग्रॅमची खाली स्वतंत्र डिरेक्टरी. त्या खालच्या डिरेक्टरींत मेकफाईलच असते, आणि ती म्हणते: सोर्स वरच्या मजल्यावर शोध. डिरेक्टरीची ही यादी म्हणजे सबंध पॅकेजचा नकाशा झाला. हेच ओपनएसएसएच लिनक्सवर आणि इतरत्र चालावं म्हणून वेगळी पोर्टेबल आवृत्ती निघते. तिला कॉन्फिगर स्क्रिप्ट लागते, आणि ती समोरच्या मशीनला प्रश्नांवर प्रश्न विचारते: हे फंक्शन आहे का, तो हेडर आहे का. ओपनबीएसडीच्या मेकफाईलला हे प्रश्न पडत नाहीत, कारण कर्नल, सी लायब्ररी आणि युटिलिटी एकाच सोर्स ट्रीमध्ये, एकाच हाताखाली वाढतात. दोन ओळींचा टापटीपपणा काही अंशी या सुखवस्तूपणाची देणगी आहे, हे मान्य करायला हवं.

मेकफाईलीकडून येस.सीकडे वळू. वर परवान्याचा शेरा आहे, कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, १९८७ आणि १९९३ अशा सालांचा. तो प्रोग्रॅमपेक्षा लांब आहे. खाली मेन फंक्शन. प्लेज हा सिस्टीम कॉल आल्यानंतरच्या आवृत्तीत ते पहिलं काम करतं: मी साधं इनपुट-आउटपुट सोडून काही करणार नाही असं कर्नलला वचन द्यायचं. वचन मोडलं तर कर्नल प्रोसेस जागच्या जागी ठार करतो. मग एकच प्रश्न: कुणी शब्द दिला आहे का? दिला असेल तर तो छापत राहा, नसेल तर ‘वाय’ छापत राहा. दोन अंतहीन लूप, आणि स्वतःचं म्हणून एकही व्हेरिएबल नाही. दुसरा एखादा प्रोग्रॅमर दोन्ही शक्यता एका व्हेरिएबलमध्ये घालून एकच लूप चालवील, आणि त्यात चूक काही नाही. पण इथे प्रोग्रॅमचा आकार वाक्यासारखा दिसतो: असेल तर हे, नसेल तर ते. मॅन्युअलच्या पानावरही त्याची ओळख एका ओळीत करून दिली आहे, पुन्हा पुन्हा होकार देत राहणारा.

जीएनयूचा येस शंभराहून जास्त ओळींचा आहे. तो मोठा बफर एकदाच भरून ठेवतो आणि सबंध बफर एका दमात लिहितो, त्यामुळे सेकंदाला कित्येक गिगाबाइट होकार देऊ शकतो. कौशल्य आहे यात शंका नाही, पण इतक्या होकारांचं करायचं काय? तरी ओपनबीएसडीच्या येसवर माझा एक आक्षेप आहे. मी सांगतोय त्या आवृत्तीत छापण्याचं काम करणाऱ्या पुट्स या फंक्शनने काय उत्तर दिलं ते कुणी पाहतच नाही. पाइपचं दुसरं टोक बंद झालं तर सिग्नल येऊन प्रोसेस मरते, ते ठीक. पण आउटपुट फाईलमध्ये जात असेल आणि डिस्क भरली, तर लिहिणं फसत राहतं आणि लूप फिरत राहतो. इतक्या काटेकोर घरात ही ढिलाई खटकते.

ट्रूची गोष्ट याहून छोटी आहे. काहीही न करता ‘यश’ असं उत्तर देणं एवढंच त्याचं काम. एटी अँड टीच्या युनिक्समध्ये ती रिकामी शेल स्क्रिप्ट होती. पुढे तिच्यात भर पडली ती कॉपीराइटच्या ओळींची, म्हणजे काही न करण्यावरही मालकी सांगून झाली. ओपनबीएसडीत ती बरीच वर्षं स्क्रिप्टच होती. २०१५ साली तिच्या जागी सी प्रोग्रॅम आला: मेन फंक्शन, परत शून्य, आणि वर शेरा की हे सार्वजनिक मालकीचं आहे. गंमत मेकफाईलची झाली. स्क्रिप्ट असताना ती कुठे आणि कोणत्या नावाने बसवायची ते हाताने लिहावं लागे, कारण घरची रीत सी प्रोग्रॅम धरून बांधलेली. सी आल्यावर मेकफाईल येससारखीच आटोपशीर झाली, प्रोग्रॅमचं नाव तेवढं ट्रू.

सांभाळणं म्हणजे बहुधा काढून टाकणं. यूएसआर.बिनच्या वरच्या मेकफाईलमध्ये सबडिर नावाची एक लांबलचक यादी आहे, सगळ्या युटिलिटी अकारविल्हे. एखादी युटिलिटी बाद करायची तर तिची डिरेक्टरी पुसण्याइतकंच या यादीतलं नाव खोडणं महत्त्वाचं. फ्रीबीएसडीचं उदाहरण याहून बोलकं आहे. सोर्सच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या जुन्या सीव्हीएस पद्धतीत प्रत्येक फाईलच्या माथ्यावर डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये एक ओळ असे: फाईलचं नाव, आवृत्ती, तारीख, बदल करणाऱ्याचं नाव. ओपनबीएसडीत ती अजून आहे, आणि काही मेकफाईलींवर १९९६ सालचा जून दिसतो. तेव्हापासून तिथे हात लावायची गरजच पडली नाही. फ्रीबीएसडी गिटवर गेली आणि या ओळींना अर्थ उरला नाही, म्हणून २०२३ च्या ऑगस्टमध्ये सोर्स ट्रीमधल्या हजारो फाईलींतून त्या काढल्या. परवान्याचीही अशीच एक कथा आहे. विद्यापीठाने १९९९ साली जाहिरातीचं तिसरं कलम मागे घेतलं, आणि फ्रीबीएसडीच्या कित्येक फाईलींत पुढे बरीच वर्षं कलमं १, २ आणि ४ अशीच राहिली. कुणाला गणित येत नव्हतं असं नाही. कायद्याच्या मजकुराला हात लावण्याआधी थांबावं, हा त्यातला विचार असावा.

दोष सांगायचे तर बीएसडी.प्रॉग.एमके स्वतः देखणी नाही. अटींच्या आत अटी, एके काळी अर्थ असलेली नावं, आणि टॅब. बाकी शेकडो मेकफाईली नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून सगळा गुंता हिने पोटात घेतला आहे. नवख्याला याचा त्रास होतो. यूएसआर/बिन हे कुठून आलं हे दोन ओळींच्या फाईलमध्ये शोधून सापडत नाही, तीन फाईली पालथ्या घालाव्या लागतात. शिवाय ही फाईल सोर्स ट्रीमधून नव्हे, चालू सिस्टीममधून घेतली जाते. म्हणून ओपनबीएसडीच्या सबंध बिल्डमध्ये पहिली पायरी शेअर/एमके नव्याने बसवण्याची असते. ती पायरी चुकवून मधूनच एखादी डिरेक्टरी बनवायला गेलात तर नवा कोड जुन्या रीतीने बनतो आणि डोकं चक्रावतं.

तरीही वाचाच. सोर्स सगळ्यांना खुला आहे. क्रम मी सुचवतो: आधी येस, मग ट्रू, मग टेस्ट, मग एसएसएचच्या पोटडिरेक्टरी, आणि बीएसडी.प्रॉग.एमके सगळ्यांत शेवटी. वाचून समजणं कठीण जाईल तिथे नेटबीएसडीच्या शेअर/एमकेमधली बीएसडी.रीडमी उघडी ठेवा. कोणत्या नावाचा काय अर्थ ते तिच्यात सांगितलेलं आहे. येसची मेकफाईल निर्दोष आहे, पण एकच निवडायची झाली तर माझं मत टेस्टच्या मेकफाईलला.